रेल्वे आली खरी. पण ती कुणाची राहणार?

१७ सप्टेंबर २०२५. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा दिवस. त्या दिवशी बीडच्या स्टेशनात पहिली गाडी उभी राहिली आणि आमच्या गल्लीतल्या बायका स्वयंपाक लवकर आटोपून ती बघायला निघाल्या. पितृपंधरवडा चालू होता. एरवी या पंधरा दिवसांत आमच्याकडे कुणी नवी कढईसुद्धा विकत घेत नाही. पण गाडीच्या बाबतीत कुणाला मुहूर्त आठवला नाही. तीस वर्षं वाट बघितल्यावर कोण पंचांग उघडणार?

गर्दीत आमच्या शेजारच्या काकू माझा हात घट्ट धरून उभ्या होत्या. वय पंच्याहत्तरीपुढचं. गाडी बघितली, पदर सावरून दुरूनच हात जोडले आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "बाई गं, ही गाडी सरकारचीच हाय ना? का उद्या कुणाला कंत्राटानं देतेल?"

मला हसू आलं. पण घरी येऊन भांडी घासताना तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण, मैत्रिणींनो, काकूंचा प्रश्न भाबडा नाही. तो सगळ्या जगात चालू आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या हिशेबाच्या वहीपर्यंत येऊन पोहोचतं. रेल्वे, कंत्राटं, कंपन्या हा पुरुषांनी कट्ट्यावर बोलायचा विषय असं आपण धरून चालतो. पण माहेरी कोण जातं? सासूबाईंना डोळे दाखवायला नगरला कोण नेतं? लेकीच्या बाळंतपणाला पिशव्या सांभाळत कोण धावतं? मग गाडी कुणाची, हे आपण नको का बघायला?

आधी 'कंत्राटाने गाडी' म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे मंगल कार्यालय. इमारत मालकाची. पण स्वयंपाक, वाढपी, ताटाचा दर हे सगळं तो एका केटररला ठरावीक वर्षांसाठी देऊन टाकतो. त्या केटररने मालकाला वर्षाकाठी इतके पैसे द्यायचे आणि उरेल ते त्याचं. रेल्वेतही तसंच. रूळ, स्टेशनं, सिग्नल सरकारचे. गाड्या चालवायच्या, तिकिटं विकायची आणि नफातोटा सोसायचा कंपनीने. कधी उलटही असतं: मार्ग तोट्याचा असेल, तर सरकारच कंपनीला वर पैसे देतं.

आता सांगा, तीनशे पानांचं लग्न असेल तर केटरर खूश. पण पंचवीस माणसांचं बारसं असलं की? "ताई, तेवढ्यासाठी भट्टी पेटवणं परवडत नाही." त्याचं चुकतं असंही नाही, तो धंद्याला बसला आहे. पण बारसं तर करायचंच असतं ना!

बीडची रेल्वे म्हणजे हे पंचवीस पानांचं बारसं आहे.

नकाशा काढून बघा. पश्चिमेला दौंड–मनमाड मार्ग नगरवरून १८७८ साली गेला. उत्तरेला निजामाच्या काळात मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी करत हैदराबादकडे गाडी गेली. दक्षिणेला बार्शी लाइट रेल्वे १९११ पर्यंत लातूरला पोहोचली. जिल्ह्याच्या अगदी पूर्व टोकाला परळी वैजनाथला जंक्शन झालं. चारही बाजूंनी शिट्या ऐकू याव्यात, आणि मधलं बीड मात्र कोरडंच! आणि गंमत म्हणजे त्या काळी या गाड्या सरकार चालवत नव्हतं, कंपन्या चालवत होत्या.

बार्शी लाइट ही एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने उभी केलेली अडीच फुटी अरुंद रुळांची गाडी. १८९७ साली ती बार्शीला लागली, १९०६ साली पंढरपूरला गेली. पंढरपूरलाच का? कारण आषाढी-कार्तिकीला पानांची पंगत भरलेली! माझी आजी लातूरकडची. ती सांगायची, या गाडीतून खाली उतरून लघवीला जाऊन पुन्हा धावत चढता यायचं. खरं-खोटं विठोबाला माहीत. कंपनीची ही गाडी १ जानेवारी १९५४ला भारत सरकारने विकत घेतली.

निजामाच्या रेल्वेची कथा जास्त बोलकी आहे. १८८३ साली लंडनमध्ये कंपनी निघाली, नाव 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे'. या नावातला 'गॅरंटीड' शब्द महत्त्वाचा. भांडवलावर पाच टक्के व्याज निजामाच्या तिजोरीतून देण्याची हमी होती. गाडी भरली तर फायदा कंपनीचा, रिकामी गेली तर भरपाई रयतेच्या पैशातून. याला म्हणतात खासगी धंदा! त्या वेळी हैदराबादेत या रेल्वे-व्यवहाराविरुद्ध ओरड झाली आणि त्यात पुढे होते डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे आपल्या सरोजिनी नायडूंचे वडील. त्याबद्दल १८८३ मध्ये त्यांना हैदराबाद सोडून जावं लागलं. सरोजिनी तेव्हा चार वर्षांची होती. रेल्वे कुणाची, या प्रश्नासाठी एका घराला गाव सोडावं लागलं होतं, हे मला माहीतच नव्हतं. शाळेत आपल्याला 'भारतकोकिळा' एवढंच शिकवलं.

पुढे १९३० साली निजाम सरकारने ती रेल्वे विकत घेतली आणि दोनच वर्षांनी, १९३२ मध्ये, याच रेल्वेखात्याने २७ बसगाड्या काढून रस्त्यावरची वाहतूक सुरू केली. हैदराबाद संस्थानातली सरकारी बस अशी रेल्वेच्या पोटातून जन्मली. मराठवाड्याची एसटी १९६१ साली महाराष्ट्राच्या महामंडळात मिळाली. म्हणजे बीडला रेल्वे आली नाही, पण तिची धाकटी बहीण कधीची आपल्या घरी नांदते आहे.

आता कंपन्यांना नावं ठेवून झाली, तर सरकारचंही बघू. उगाच एका बाजूचं तोंड गोड करण्यात अर्थ नाही. नगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ला मंजूर झाला. तेव्हाचा अंदाज साडेतीनशे कोटींच्या आसपासचा. निम्मा खर्च केंद्राचा, निम्मा राज्याचा असं ठरलं. दोन भावांनी आईचं औषधपाणी निम्मं-निम्मं वाटून घेतलं की काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? "आधी तू दे, मग मी देतो." खर्च वाढत वाढत चार हजार आठशे कोटींवर गेला. नगरहून आष्टीपर्यंत ६६ किलोमीटर गाडी धावायला सप्टेंबर २०२२ उजाडलं, बीडला यायला आणखी तीन वर्षं लागली. आणि त्या दिवशी बीड ते परळी हा टप्पा बाकीच होता. ज्या मुली मंजुरीच्या वर्षी पाळण्यात होत्या, त्यांची मुलं आता शाळेत जातात.

तरीही एक गोष्ट विसरू नका. एवढ्या वर्षांत एकही कंपनी "आम्ही बांधतो, आम्ही चालवतो" म्हणत बीडच्या वाटेला फिरकली नाही. उशिरा का होईना, बारशाची भट्टी सरकारनेच पेटवली.

आमच्या घरी यावर वाद झाला. हे म्हणाले, "खासगी असतं तर पाच वर्षांत गाडी आली असती. बघ, पुण्याला जाताना तू ट्रॅव्हल्सनेच जातेस ना? एसी, झोपायला बर्थ, फोनवर तिकीट."

जाते. खोटं का बोलू? पण दुसरी बाजूही सांगते. नोव्हेंबर २०२१. दिवाळी नुकतीच झालेली, राज्यभर एसटीचा संप. पुण्याला माझी आई न्हाणीघरात घसरून पडली. सकाळी सातला भावाचा फोन. एसटी बंद, आणि बीडला रेल्वे नाही. एका खासगी गाडीवाल्याने एरवीच्या तिप्पट पैसे मागितले. मी म्हटलं, "दादा, आई दवाखान्यात आहे हो." तो शांतपणे म्हणाला, "ताई, मागं अजून बारा जण उभे आहेत." त्याचा राग मला आज नाही. त्याने कुणाशी करार केला नव्हता. सणाला, संपाला, पुराला इतक्याच भाड्यात नेईन असं वचन त्याने दिलंच नव्हतं. पण त्या दिवशी पर्समधले पैसे मोजताना मला पहिल्यांदा कळलं, की सरकारी गाडी ही फक्त गाडी नसते. ती आहे म्हणून बाकीच्यांचे दर जमिनीवर राहतात.

आणखी एक गोष्ट, जी पुरुष कधी बोलत नाहीत. रात्रीच्या बसने निघायचं तर आपण संध्याकाळी चारपासून पाणी सोडतो. सोडतो ना? गाडी थांबेल ती ड्रायव्हरच्या ओळखीच्या ढाब्यावर, तिथं बायकांसाठी सोय असेल-नसेल. लांब पल्ल्याच्या रेल्वेत निदान डब्यातच आडोसा असतो. मधुमेहाच्या, बाळंतपण झालेल्या, लहान पोर बरोबर असलेल्या बाईला विचारा, तिच्या लेखी रेल्वे आणि बस यांतला फरक काय.

बरं, भाड्याचा हिशेब. रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितलं आहे, की प्रवाशाच्या तिकिटावर सरासरी ४६ टक्के सवलत असते. शंभर रुपये खर्च येतो तिथं आपण चौपन्न देतो. उरलेले कुठून येतात? तर मालगाड्यांतून. आपल्या परळीच्या वीजकेंद्राचंच घ्या. तिथं कोळसा रेल्वेने येतो, त्याचं भाडं रेल्वेला घसघशीत मिळतं. एकत्र कुटुंबात मोठा भाऊ कमावता आणि धाकटा शिकतो आहे, तशी ही गंमत. मोठ्याच्या पगारावर धाकट्याची फी. उद्या वाटणी झाली, माल एकीकडे आणि प्रवासी कंपनीकडे, तर धाकट्याच्या ताटात कोण वाढणार? कंपनी म्हणेल, तिकीट वाढवा. नाहीतर सरकार म्हणेल, आम्ही कंपनीला पैसे देतो. म्हणजे पुन्हा आपलेच!

आपल्याकडे हे प्रयोग झालेही आहेत. मुंबईत वर्सोवा–घाटकोपर मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली, ती खासगी भागीदारीतली. करारातलं भाडं होतं ९ ते १३ रुपये. गाडी सुरू व्हायच्या वेळी कंपनीने खर्च वाढल्याचं सांगून १० ते ४० मागितले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. गाडी छान आहे हो, माझी भाची रोज जाते, स्वच्छतेला बोट लावायला जागा नाही. पण ठरलेला ताटाचा दर पंगत बसल्यावर बदलला तर आपण काय म्हणू?

२०१९च्या ऑक्टोबरात लखनौ–दिल्ली 'तेजस' निघाली. खासगी म्हणून गाजली. चालवणारी मात्र रेल्वेचीच उपकंपनी. तिची एक गोष्ट मला फार आवडली: गाडी तासाभराहून जास्त उशिरा आली तर १०० रुपये, दोन तासांहून जास्त तर २५० रुपये भरपाई मिळायची, २०२४ मध्ये ती बंद होईपर्यंत. त्याच महिन्यात गाडी तीन तासांवर रखडली आणि साडेनऊशे प्रवाशांना भरपाई कबूल करावी लागली. अशी तरतूद सरकारने आपल्या साध्या गाड्यांना लावली तर! पण 'तेजस'मध्ये गर्दी वाढली की भाडंही वाढतं, हेही लक्षात ठेवा. २०२० साली सरकारने १०९ मार्गांवर १५१ गाड्या कंपन्यांना ३५ वर्षांसाठी द्यायचं ठरवलं, भाडं ठरवण्याची मोकळीक कंपनीला. वर्षभराने बोली उघडली तर पुढे आले दोघेच, आणि त्यातली एक ती रेल्वेचीच कंपनी. बेत बारगळला.

इंग्लंडात मात्र हे चांगलं तीस वर्षं चाललं. १९९३ साली कायदा करून त्यांनी प्रवासी गाड्या कंपन्यांना ठेक्याने दिल्या. लंडनहून उत्तरेकडे स्कॉटलंडला जाणाऱ्या एकाच मार्गाचं बघा. कंपन्यांनी चढाओढीने मोठमोठ्या रकमा कबूल केल्या आणि मग परवडेना म्हणून एकापाठोपाठ तिघींनी हात टेकले, २०१८ पर्यंत. दर वेळी लग्न अर्ध्यावर असताना केटरर पळाला! शेवटी २०२४ साली नवा कायदा झाला, की जसजसे करार संपतील तसतशा गाड्या सरकारकडे घ्यायच्या. त्या कायद्याने पहिली गाडी २५ मे २०२५ला सरकारजमा झाली. त्या पहाटे पहिल्याच गाडीच्या उतारूंना मार्गाच्या दुरुस्तीपायी काही अंतर बसने न्यावं लागलं, असं पेपरात आलं होतं. सरकारीपण लगेच दाखवलं म्हणायचं!

पण तुम्ही म्हणाल, जपानमध्ये? तिथं १९८७ला सरकारी रेल्वे मोडून कंपन्या केल्या आणि त्यांच्या गाड्या घड्याळ लावावं अशा धावतात. खरं आहे. मात्र टोकियो-ओसाकाकडच्या भरल्या पंगतीत ते जमलं. उत्तरेच्या होक्काइदो बेटावर, जिथं वस्ती विरळ, तिथली कंपनी तोट्यातच राहिली आणि कित्येक मार्ग बंद पडले. बीडने कुणाकडे बघायचं, टोकियोकडे की होक्काइदोकडे?

म्हणून माझं स्पष्ट मत: आपल्यासारख्या जिल्ह्यात गाडी सरकारनेच चालवावी. पण सरकारी आहे म्हणून आपण डोळे मिटून नमस्कारही करू नये. सवलती सरकारनेही काढल्या आहेत. ५८ वर्षांपुढच्या बायकांना रेल्वेत निम्मं तिकीट होतं, ते मार्च २०२०मध्ये थांबलं. उलट एसटीने १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना निम्मं तिकीट दिलं. दोन्ही सरकारीच! तेव्हा नुसतं 'सरकारी का खासगी' एवढं विचारून भागत नाही. काय कबूल केलंय, हेही विचारावं लागतं.

आणि एक कायदा मात्र पदराला गाठ मारून ठेवा, गाडी कुणीही चालवो. १९८९च्या रेल्वे कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रवासी गाडीत बायकांसाठी एक डबा किंवा काही जागा राखून ठेवाव्याच लागतात. आणि बरोबर पुरुष नसलेल्या बाईला, तिच्याकडे तिकीट नसलं तरी, वाटेतल्या कुठल्याही आडस्टेशनावर उतरवता येत नाही. ती जिथून बसली ते स्टेशन, किंवा जंक्शन, शेवटचं स्टेशन नाहीतर जिल्ह्याचं ठिकाण, इथंच आणि तेही दिवसाच. (म्हणून तिकीट काढू नका असं नाही हं!) ही अट कंपनीने चालवलेल्या गाडीलाही लागू आहे.

आता आपल्या गाडीचं वेळापत्रक. सुरू झाली तेव्हा ती सकाळी सातच्या सुमाराला नगरहून निघून दुपारी साडेबाराला बीडला यायची आणि अर्ध्या तासाने परत फिरून संध्याकाळी नगरला. रविवारी सुट्टी. म्हणजे रायमोह्याची बाई बीडच्या दवाखान्यात यायची तर तिला मिळणार अर्धा तास! आणि बीडची बाई नगरला गेली तर रात्री मुक्काम कुणाकडे? अशा वेळेला डबे रिकामे राहणार नाहीत तर काय? मला भीती आहे ती याचीच. चार वर्षांनी कुणीतरी कागद पुढे करील, 'प्रवासी नाहीत', आणि मग एक तर गाडी बंद, नाहीतर ठेक्याने. वेळ चुकीची होती, हे त्या कागदावर नसेल. म्हणून महिला मंडळांनी, भिशीच्या गटांनी आत्ताच वेळेबद्दल खासदारांना आणि रेल्वेला लिहावं. आमच्या गटाने लिहिलं, बावीस सह्या. मजकूर तुम्हाला हवा तर अवघड काही नाही: कुठून कुठे, किती वाजता, कशासाठी. 'कशासाठी' मध्ये दवाखाना, बाजार, कॉलेज असं ठसठशीत लिहा.

आणि जमेल तेव्हा तिकीट काढून बसा. पुढच्याच संकष्टीला काकू म्हणाल्या, "चल, नवगण राजुरीच्या गणपतीला रेल्वेनं जाऊ." राजुरी बीडपासून जवळच, एरवी आम्ही रिक्षाने किंवा एसटीने जातो. त्या दिवशी दुपारच्या गाडीत बसलो. शेंगदाण्याचे लाडू सोडले तर बरोबर काही नाही, उपास होता. काकू खिडकीशी. बसून नीट टेकतात न टेकतात तोच राजुरी आली. त्या चिडल्या, "एवढ्यातच उतरायचं?"

परतीला त्या दिवशी गाडी नव्हतीच. दर्शन घेतलं, फाट्यावर एसटीची वाट बघितली, आणि चंद्रोदयाच्या आत घरी. रात्री वहीत लिहिलं: रेल्वे, दोघींचे वीस रुपये. एसटीला माझं अर्धं तिकीट, काकूंचं वयामुळे काहीच नाही. काकूंनी मात्र रेल्वेचं तिकीट टाकून दिलं नाही. देव्हाऱ्याच्या खणात, उदबत्तीच्या पुड्याखाली ठेवलंय.